तीन नाणी आणि मिलिंदचे बाबा

तीन मराठी माणसं रोज एका गाडीतून ऑफिसला जायला लागली की किस्से आपोआप साठतात, सीटखाली चिल्लर साठते तसे. आमच्या अमेरिकेतल्या नोव्हाय गावच्या कारपूलमध्ये तर मिलिंदनं चिल्लरच बाहेर काढली.

कुठलीही अडचण आली की हा तीन चिनी नाणी सहा वेळा टाकतो, छापा-काट्यावरून सहा रेघा काढतो आणि त्या आकृतीचं पान एका प्राचीन चिनी ग्रंथाच्या इंग्रजी भाषांतरात उघडून सल्ला वाचतो. टाइप बारीक, आणि चष्म्याशिवाय मिलिंदला हॉटेलचं मेन्यूकार्डही वाचता येत नाही. ग्रंथ आणि नाणी आमचे सीनियर लिन यांनी रिटायर होताना दिलेली.

"तुम्ही स्वतः टाकता का?" मी लिनना विचारलं होतं.

"मी?" ते म्हणाले. "मी ब्रेकचा इंजिनियर आहे."

*

कारपूलमधल्या तिसऱ्या, पुण्याच्या सुधीरला स्नो टायर बसवायचे होते. नाण्यांचा कौल आला, थांब, घाई नको. सुधीर थांबला. पहिल्याच बर्फात त्याची गाडी घसरून रस्त्याकडेच्या चरात गेली.

"आता काय म्हणतं पुस्तक?" मी विचारलं.

"बरोबरच होतं. टो ट्रकसाठी दोन तास थांबलो की," सुधीर म्हणाला.

*

माझी लेक रिया इथेच जन्मलेली. कॉलेज कुठलं घ्यायचं यावर आमचा महिनाभर वाद चालला होता, म्हणून मिलिंदनं नाणी काढली. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सो काका, इट्स अ रँडम नंबर जनरेटर विथ फीलिंग्ज?"

मिलिंदनं नाणी खिशात घातली.

*

मग मिलिंदचे बाबा नागपूरहून आले. काका रिटायर्ड सायन्स टीचर, पक्के आंबेडकरी. स्वतःचं लग्न त्यांनी शाळेला सुट्टी होती त्या दिवशी बुद्धवंदना म्हणून केलं, आणि मुहूर्त सुचवणाऱ्याला विचारलं, "तुमचं घड्याळ बंद पडलं का?"

टेबलावरची नाणी बघून ते म्हणाले, "आम्ही पत्रिका मोडीत काढल्या अन् तू चिल्लर उडवून राहिला?"

"बाबा, हे भविष्य नाही. प्रॉब्लेम सॉल्व्हिंग आहे."

"बरं. प्रॉब्लेम काय आहे?"

प्रॉब्लेम समोरच बसला होता. आई गेल्यापासून बाबा नागपूरला एकटे राहत होते. त्यांनी आता कायमचं इथंच राहावं असं मिलिंदला फार वाटायचं, पण विचारायची हिंमत होत नव्हती. नाही म्हणाले तर?

त्यामुळे गाडीत रोज तोच प्रश्न आणि तीच नाणी. एकदा एक नाणं सीटच्या फटीत गेलं, तर पठ्ठ्या भर सिग्नलला खाली उतरून शोधत बसला. मागचे हॉर्न वाजवतायत, आणि हा सांगतोय, "संयम ठेव असं आलंय."

"अरे, विचारून टाक ना यार," मी ओरडले. मला त्याचा रागही येत होता आणि दयाही.

*

काकांच्या परतीच्या फ्लाइटआधीच्या रविवारी मिलिंदनं आम्हाला जेवायला बोलावलं. जेवणं झाल्यावर काकांनी आपणहून नाणी मागितली. सुधीरचा गुलाबजाम चमच्यातच राहिला.

काकांनी सहा वेळा नाणी टाकली. रेघा फूटपट्टीनं काढल्या.

"प्रश्न काय आहे, बाबा?"

"मी जाऊ की राहू?"

मिलिंदनं पुस्तक उघडलं आणि पानावरून बोट फिरवलं.

"राहा म्हणतंय," तो म्हणाला.

काकांनी नाणी एकेक करून गोळा केली.

"चष्मा तिकडं टीव्हीजवळ आहे तुझा," ते म्हणाले. "पण पुस्तकच म्हणते, तर राहतो."