गुण्याला खवळवणारा माणूस

भारतीय विज्ञान-भयपटाचा पाया पिंप्राळ्यात घातला गेला. निदान तिथल्या एका फोटो स्टुडिओच्या काचेवर तसा कागद चिकटवलेला होता. त्याच्याच खाली 'लग्न, साखरपुडा, पासपोर्ट फोटो ताबडतोब' असेही लिहिले होते, आणि मालकाचे पोट चालत होते ते या दुसऱ्या ओळीवर.

हा मालक बोलता बोलता समोरच्याच्या छातीवर तळहात ठेवायचा. सलगी म्हणून नव्हे. आपण सांगितलेल्या प्रसंगाने काळीज धडधडते आहे का, ते तपासायला. मी धुळ्याहून बदली होऊन त्याच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा भाडे ठरण्याआधी त्याने मला एक प्रसंग ऐकवला आणि हात ठेवला. मग निराश होऊन म्हणाला, "नॉर्मल शे. सर, भ्याव वाटाले पाहिजे."

चित्रपटाचे नाव 'खवळलेलं विज्ञान'. एक शास्त्रज्ञ गरीब बैलाला सुई टोचतो, त्याने एकट्याने दहा ट्रॅक्टरांचे काम करावे म्हणून. बैल करतो. शेते नांगरून संपतात, तेव्हा तो माणसे नांगरायला लागतो. मी हसलो. तो हसला नाही, कारण त्याचा बैल ठरलेला होता.

पारोळ्याजवळच्या गावी त्याच्या थोरल्या भावाच्या गोठ्यात गुण्या होता. तो वासरू असताना त्याची आई गेली, आणि या स्टुडिओवाल्यानेच त्याला बाटलीने दूध पाजून वाढवले होते. आता गुण्या म्हातारा झाला होता, आणि थोरल्या भावाने, म्हणजे नानांनी, ट्रॅक्टर घेतला होता. नानांनी सांगून टाकले होते, "पोळा होऊ दे, गणपती उठू दे. मंग व्यापारी लई जाई." व्यापाऱ्याने नेलेला म्हातारा बैल पुढे कुठे जातो, हे आपल्यापैकी कोणी विचारत नाही. विचारले तर उत्तर ऐकावे लागेल.

"एकदा तो पिच्चरमा उना ना सर, मंग नाना त्याले कसा इकतीन?"

"पण तुमच्या पिक्चरमध्ये तो व्हिलन आहे."

"व्हिलनले बी कोनी इकत नही," तो म्हणाला.

सुट्टीच्या दिवशी मीही शूटिंगला जायचो. संवादलेखक म्हणून माझी नेमणूक झाली होती. शास्त्रज्ञाचे विकट हास्य मी शुद्ध करून दिले. शास्त्रज्ञ होते गावातले मेडिकलवाले आप्पा, कारण सिरिंज त्यांच्याकडे होती. पण आप्पा दरवेळी सुई उचलण्याआधी वाकून गुण्याच्या पाया पडायचे.

"कट! आप्पा, तुम्ही शास्त्रज्ञ शेतस. शास्त्रज्ञ बैलना पाया पडस का?"

"पडत नही म्हनीसनच त्यासवर अशी येळ येस," आप्पा म्हणाले. चित्रपटाचा आशय एवढ्या थोडक्यात मला नंतरही कुणी सांगितला नाही.

गुण्याचा प्रश्न वेगळाच होता. त्याला खवळताच येत नसे. ओरडून पाहिले, डबे वाजवून पाहिले. तो रवंथ करत सगळ्यांकडे बघायचा. शेवटचा हल्ला तेवढा राहिला आणि पोळा उजाडला. त्या दिवशी बैलाला काम सांगायचे नाही. मग अभिनय हे काम आहे की नाही, यावर पारावर मोठी चर्चा झाली. नानांनी निकाल दिला, "पैसा नही भेटत, तरी काम ते कामच."

तोडगा असा निघाला की गुण्या आपल्या मनाने जे करील ते टिपायचे. त्यामुळे या चित्रपटातला नरसंहारक बैल रंगवलेली शिंगे, बाशिंग आणि आरशांची झूल घालून येतो. मिरवणुकीत आप्पा पांढरा कोट घालून त्याच्यापुढे उलटे चालत होते. नळाजवळच्या चिखलात ते उताणे पडले. त्यांच्या खिशात घरची पुरणपोळी होती. गुण्याने मान खाली घातली आणि आप्पांच्या छातीत तोंड खुपसून ती शोधायला लागला. आप्पांना गुदगुल्या झाल्या, ते किंचाळले. कॅमेरा मागे होता, त्यामुळे पोळी दिसली नाही, हल्ला दिसला. पुढे स्टुडिओत गुण्याचे डोळे लाल झाले आणि त्याच्या घशात जुन्या फ्रिजची घरघर बसवली गेली. तुकडा गावोगावच्या मोबाइलवर फिरला.

गणपतीच्या मंडपात चादरीवर चित्रपट दाखवला. लाल डोळ्यांचा गुण्या पडद्यावर आला आणि पुढे बसलेल्या बायांनी हात जोडले. एका आजीने कुंकू उधळले. आप्पांच्या मृत्यूला टाळ्या पडल्या, "पोयी भेटनी का रे गुण्याले?" म्हणून कुणी ओरडलेही. आमचा दिग्दर्शक अंधारात रांगेरांगेतून फिरत एकेकाच्या छातीवर हात ठेवत होता. सगळे नॉर्मल.

नाना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चांगला शे रे पिच्चर. पन बठ्ठा लोक हात जोडतस, चारा मीच घालस ना?"

गणपती उठले. व्यापारी टेम्पो घेऊन आला, तेव्हा मी तिथेच होतो. धाकटा भाऊ गुण्याच्या गळ्यात हात टाकून उभा होता. व्यापारी दावे सोडायला वाकला आणि थांबला. त्याने खिशातून मोबाइल काढला, स्क्रीनकडे पाहिले, गुण्याकडे पाहिले.

"हाऊ तोच शे ना?"

शूटिंगपासून गुण्याला एक सवय लागली होती. पांढरा खिसा दिसला की त्यात काहीतरी असणार. तो मान खाली घालून व्यापाऱ्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडे सरकला. व्यापारी टेम्पोच्या पायरीवर चढला. "नको रे भो. मना घर पोरं शेतस."

दिग्दर्शक धावला आणि त्याने व्यापाऱ्याच्या छातीवर तळहात ठेवला. कितीतरी वेळ काढलाच नाही. मग माझ्याकडे वळून, रडवेल्या आवाजात म्हणाला, "सर, धडधडी राहिनं!"

अख्ख्या खानदेशात त्या चित्रपटाला एवढा एकच माणूस घाबरला. पुरेसा होता. बाजारात बातमी पसरली आणि पुन्हा कुठलाच व्यापारी आला नाही. नाना कुरकुरत चारा घालत राहिले.

मागच्या हिवाळ्यात दिग्दर्शक गेला. छातीनेच दगा दिला. स्टुडिओत आता मोबाइलची कव्हरे मिळतात.

पोळ्याला मी मुद्दाम त्याच्या गावी गेलो. गोठ्याच्या खांबावर त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती. लाल अक्षरे, त्यांतून ओघळणारे रक्त: 'सावधान! खवळलेला बैल'. नानांना विचारले, काढत का नाही? ते वैरण पसरत म्हणाले, "धाकलानी लायेल शे. राहू दे."

पाटीखाली गुण्या बसला होता. त्याच्या पाठीवर एक कोंबडी झोपली होती.