शशिकांतभावजींचं नाक

जपानमधल्या फुनाबोरीतल्या आमच्या शेजारीण कुमुदिनीकाकू एकदा पाहिलेला चेहरा विसरत नाहीत, असं त्या स्वतःच सांगतात. त्यांची पद्धत सोपी आहे. दिसेल त्या जपानी माणसाला त्या साताऱ्याच्या आपल्या नातलगांत बसवून टाकतात. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणजे सुमनवन्सं. कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातले, म्हणजे कोम्बिनीतले, ओनोसान म्हणजे धाकटे दीर, शशिकांतभावजी.

परवा स्टेशनसमोरून त्यांच्या सुनेची, मितालीची, सायकल गेली. नेणाऱ्याला काकूंनी समोरच्या फुटपाथवरून पाहिलं होतं. पोलीसचौकीत त्यांनी ठणकावून सांगितलं, "हुबेहूब आमचे शशिकांतभावजी."

मितालीने भाषांतर केलं. पोलिसाने अदबीने विचारलं, "ते सध्या जपानात आहेत का?"

"ते कऱ्हाडच्या पुढे गेलेले नाहीत," म्हणत काकूंनी मोबाइलवर फोटो दाखवला.

पोलीस निरखून म्हणाला, "हे तर आपल्या ओनोसानसारखे दिसतात."

"मग मी काय सांगतेय?"

"आई, अहो, पावसात आपल्याला छत्री देणारा माणूस तो. नोकरी जाईल त्याची."

"छत्री दिली म्हणून नाक बदलतं होय?"

ओनोसानना बोलावणं गेलं. ते दुकानाच्या गणवेशातच आले. काकूंनी बोट दाखवलं, "हेच." ओनोसान पांढरे पडले. कसंबसं एवढंच म्हणाले, "सायकल लावली कुठे होती?"

"झाडाखाली. त्या लाल पाटीला टेकवून," काकूंनी सांगितलं.

इथे सायकल लावू नये, असंच त्या पाटीवर लिहिलेलं आहे. पोलिसाने एक फोन फिरवला. सायकल वॉर्ड ऑफिसच्या ट्रकने उचलून नेली होती.

"आई, ट्रक दिसला नाही तुम्हाला?"

"दिसला की. पण ट्रकचा चेहरा कोण लक्षात ठेवतं?"

दोघी सायकल सोडवायला गेल्या, तर ती उचलणारी व्यक्ती समोरच उभी. टोपी घातलेल्या, पन्नाशीच्या एक बाई. काकू बराच वेळ बघत राहिल्या. "ह्या पण थोड्या सुमनवन्संसारख्याच आहेत," असं पुटपुटल्या, पण त्यात जोर नव्हता.

संध्याकाळी बेसनाचे लाडू घेऊन काकू कोम्बिनीत गेल्या आणि गुडघे देतील तेवढ्या वाकल्या. ओनोसान त्यांच्याहून खाली वाकले. "माझ्या चेहऱ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

मितालीने भाषांतर केलं. रस्त्यात काकू म्हणाल्या, "शशिकांतभावजींनी जन्मात कुणाची माफी मागितली नाही. हा माणूस त्यांच्यासारखा दिसतच नाही गं."