काणी पडलेली ज्वारी

वडूजच्या गाडीचा कंडक्टर शाळेच्या फाटकाशी आला तेव्हा मी सातवीच्या वर्गावर होते. आत यायला तो बिचकला. टोपी काखेत धरून त्यानं शिपायाला पुढं घातलं. मी बाहेर आले. "बाई, तुमच्या शिस्टर मावशी पहाटं गेल्या. पाळकसाहेबांनी निरोप धाडलाय, उद्या माती हाय," एवढं सांगून तो घाईघाईनं स्टँडकडे वळला. मावशी गेली... आणि मला पहिल्यांदा काय वाटलं? रडू नाही आलं. उद्या तिथं सगळं गणगोत जमणार आणि कुणीतरी मला विचारणार, "जावईबापू नाही का आले?" ही धास्ती आधी वाटली. तिकडं मावशीला अजून पेटीत ठेवलं नव्हतं आणि इकडं मी व्हरांड्यात उभी राहून उत्तर जुळवत होते. हे लिहिताना मान खाली जाते. पण मावशीवर लिहायचं तर इथूनच सुरुवात करायला हवी, नाहीतर तिनं मला लिहू दिलं नसतं.

सुंदरामावशी माझ्या आईची थोरली बहीण. तरुणपणीच नवरा वारला, मूलबाळ नाही. सांगलीकडच्या एका मिशन दवाखान्यात ती नर्स झाली आणि केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिली. मग नोकरी सोडून नवऱ्याचं वडूजच्या अलीकडचं कोरडवाहू रान कसायला गेली. त्या गावात ख्रिस्ती घरं मोजकीच, बाकी शेतकऱ्यांची आणि मेंढरं राखणाऱ्यांची वस्ती. पण बाळंतपण अडलं की सगळ्यांना मावशीच लागायची, म्हणून ती अख्ख्या गावाची 'शिस्टर'. अंगानं उंच, आवाज खणखणीत आणि स्वभाव तापट. चहात साखर कमी पडली तरी तिचा पारा चढायचा. मेलेल्या माणसाला सोशीक आणि गोड करून टाकायची आपल्याकडे रीत आहे. मावशीला मी तसं रंगवलं, तर ती कबरीतून उठून माझा कान धरील.

लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्या दवाखान्यातल्या खोलीवर राहायला जायची. एका दुपारी ती ड्यूटीवरून आली ती माझ्याशी एक अक्षरही न बोलता मागच्या पायरीवर जाऊन बसली. पायातले बूट काढून बाजूला ठेवले आणि कुणाशी तरी मोठ्यानं बोलायला लागली. "ह्ये बरं न्हाई केलंस तू. सकाळधरनं सांगत हुते तुला, ते लेकरू धर म्हनून. कुठं हुतास? मला तुझा राग आलाय, लय राग आलाय. आज सांजच्याला तुझी गाणी म्हणायला मी याची न्हाई." मला वाटलं दवाखान्यातला कुणी माणूस असेल. डोकावून पाहिलं तर पायरीवर तिच्याशिवाय कुणी नव्हतं. "कुणाशी भांडत होतीस गं?" मी विचारलं. "त्याच्याशी," ती वर न बघताच म्हणाली. देवाशी असं बोललं तर पाप लागतं ना, असं मी घाबरून विचारलं तर म्हणाली, "मग कुणाशी बोलू? त्या डॉक्टरीणबाईशी? ती घरी बसवील मला." संध्याकाळच्या उपासनेला ती खरंच गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळ्यात चढा आवाज तिचाच होता.

आमच्या साताऱ्याच्या घरचं वळण अगदी वेगळं. माझे वडील आमच्या मंडळीचे, म्हणजे देवळाच्या सभासदांचे, पंच होते. देवापुढं जायचं तर आमच्याकडे धुतलेले कपडे लागत आणि धुतलेले शब्द लागत. 'हे कनवाळू स्वर्गीय पित्या' इथून सुरू झालेली प्रार्थना कुठंही न अडखळता 'आमेन'पर्यंत पोचायची. राग, हेवा, लाज असल्या गोष्टी चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवायच्या. मीही तशीच शिकले आणि चांगलीच शिकले. लग्नाआधी मंडळीत तरुण मुलींना प्रार्थना म्हणायला सांगायचं असलं की माझंच नाव पुढं यायचं.

लग्न सांगलीत झालं. नवरा सरकारी खात्यात कारकून. काही वर्षं गेली, मूल झालं नाही. एके दिवशी ते म्हणाले, "थोडे दिवस माहेरी जाऊन विश्रांती घे." मी ट्रंक घेऊन साताऱ्याला आले आणि मग मला न्यायला कुणी आलंच नाही. पुढं कळलं की घरात दुसरी बाई आली आहे. तोवर वडील जाऊन वर्ष झालं होतं. आई दाराला कडी घालून हळू आवाजात म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. बदली झालीय म्हणू. नव्या ठिकाणी क्वार्टर मिळालं की नेणार आहेत म्हणू."

शेजारणींना सांगण्यापुरतं ते ठीक होतं. पण आमच्या मंडळीत दर बुधवारी पाळीपाळीनं एकेका घरी प्रार्थना असते. आपापल्या अडचणी आधी सांगायच्या आणि मग कुणीतरी त्या देवापुढं मोठ्यानं मांडायच्या. कुणीतरी विचारलं, "शालूचं काय?" आईनं क्वार्टरचं सांगितलं. झालं! म्हाताऱ्या मार्थाबाईंनी डोळे मिटले आणि कापऱ्या आवाजात मागितलं, "पित्या, आमच्या शालूच्या मालकांस्नी बदलीच्या गावी क्वार्टर मिळू दे." सगळे 'आमेन' म्हणाले. मीही म्हणाले. त्यानंतर दर बुधवारी ते क्वार्टर प्रार्थनेत यायला लागलं. कुणी त्याला नळाची सोय जोडली, कुणी दवाखाना जवळ असू दे म्हणालं. नसलेल्या बदलीच्या नसलेल्या क्वार्टरसाठी सगळी मंडळी वर्षानुवर्षं देवाला साकडं घालत राहिली. ते मिळालं नाही हेच नशीब, नाहीतर रविवारी देवळात उभं राहून त्याबद्दल उपकारस्तुतीचं अर्पण द्यावं लागलं असतं. हसू येतं ना? मला तेव्हा येत नव्हतं. सगळ्यात वाईट म्हणजे एकटी गुडघे टेकून बसले तरी माझ्या तोंडून तेच निघायचं. बुधवारी सगळ्यांसमोर एक सांगितलेलं, मग त्यालाच एकांतात दुसरं कसं सांगायचं?

एकदा मावशी डोळे दाखवायला साताऱ्याला आली आणि बुधवारच्या प्रार्थनेला बसली. क्वार्टरची पाळी आली. 'आमेन' म्हणून मी डोळे उघडले तर मावशी टक्क उघड्या डोळ्यांनी माझ्याकडेच बघत होती. लोक गेल्यावर ती स्वयंपाकघरात आईला म्हणाली, "सुमे, त्याला बी फसवाय लागलीस व्हय?" आई रडायला लागली. लोकांत तोंड कसं दाखवू, म्हणाली. "लोकांचं ऱ्हाऊ दे. लोकांस्नी काय बी सांग, माझं म्हननं न्हाई. पर त्याच्याकडं कशाला क्वार्टर मागतीस? त्याला ठावं न्हाई व्हय?" आणि जाताना आईला न विचारताच, हंगामाचा सण आहे म्हणून ती मला गावी घेऊन गेली.

या सणाला गावाकडच्या आमच्या देवळात प्रत्येक घर आपल्या रानातलं जे उत्तम ते आणून वेदीच्या पायरीवर ठेवतं. ज्वारीची कणसं, भोपळे, शेंगा, पाय बांधलेली कोंबडी. उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. त्या साली पाऊस तोंडदेखला झाला होता आणि जी काही ज्वारी उभी राहिली तिच्यावर काणी पडली होती. दाण्याच्या जागी नुसती काळी भुकटी. लोकांनी अब्रू राखायला वडूजच्या बाजारातून धान्य विकत आणून आपलं म्हणून मांडलं होतं. मीही साताऱ्याहून येताना एक मोठा नारळ आणि गुळाची ढेप आणली होती. मावशी मात्र काणी पडलेल्या कणसांनी शिगोशीग भरलेली दुरडी डोक्यावर घेऊन देवळाच्या मधल्या वाटेनं निघाली. मी तिच्या मागं. बायका पदराआड हसत होत्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

पाळकसाहेब नवीन होते, तरुण होते. ते खाली वाकून हळूच म्हणाले, "शिस्टर, हे... हे तर गुरंसुद्धा खाणार नाहीत."

"आवं पाळकसाहेब, यंदा ह्येच आलंय माझ्या रानात. चांगलं आलं तवा चांगलं आणलं. आता वाईट आलंय, तर ह्ये घिऊन कुणाकडं जाऊ?"

पाळकसाहेबांनी स्वतःच्या हातानं एक भोपळा सरकवून पायरीवर जागा करून दिली. लिलावात त्या दुरडीवर अर्थातच कुणी बोली लावली नाही. सगळं उचलून झालं तरी ती तिथंच होती. मावशी ती परत घ्यायला गेली. तिची बोटं आणि पांढऱ्या लुगड्याचा पदर काळा झाला होता. माझ्या नारळाला कुणीतरी चांगली बोली लावली होती. मावशी एवढंच म्हणाली, "तू इकत आणलंस."

घरी जाताना बांधावर माझा तोल सुटला. जन्मात कुणावर ओरडले नव्हते तशी तिच्यावर ओरडले. "तुझं बरं आहे! तुझा नवरा मेला, तुला लोक शिस्टर म्हणून मान देतात. माझा जिवंत आहे. विधवेला कुणी विचारत नाही, का टाकली म्हणून!" बोलून गेले आणि वाटलं, आता ही माझ्या मुस्कटात देणार. मावशीनं दुरडी खाली ठेवली आणि वर बघून म्हणाली, "ऐकलंस न्हवं? माझ्यावर वरडतीया. राग तुझ्यावर हाय, घावले मी. आता तुमचं तुमी बघा." आणि मागं न बघता चालू लागली. मी तिथंच उभी. लांब माळावर मेंढरं चरत होती, माणूस दिसत नव्हतं. तेव्हाच बोलता आलं असतं. ओठांपर्यंत आलंही होतं... पण ज्या देवासमोर लग्नाच्या आणाभाका घेतल्या त्याला 'मला टाकलंय' हे सांगायचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटत होती. मी दुरडी उचलली आणि तिच्या मागं गेले.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तिला शेवटचं पाहिलं. पाय सुजले होते, धाप लागत होती. म्हणाली, "शाले, प्रार्थना कर." मी गुडघे टेकले. हे कनवाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या इच्छेप्रमाणे... मावशीनं थोडा वेळ ऐकून घेतलं आणि डोळे न उघडताच म्हणाली, "माझ्यासाठी क्वार्टर मागू नगंस गं." दोघी हसलो. मग तिनं माझा हात धरला आणि ती थांबली. मी काहीतरी खरं बोलेन म्हणून ती खरोखर थांबली होती, ते मला कळत होतं. आणि मी म्हणाले, "मावशी, पाचची गाडी चुकेल." तिनं हात सोडला. "व्हय, जा," म्हणाली. आमचं शेवटचं बोलणं ते. साताऱ्याच्या वाटेवर गाडी धूळ उडवत निघाली आणि मला स्वतःची शिसारी आली.

मातीच्या दिवशी कबरीपाशी कुणीतरी विचारलंच. मी म्हणाले, "पुन्हा बदली झालीय, रजा मिळाली नाही." हातात मावशीवर टाकायची माती होती आणि मी हे बोलले. नंतर पाळकसाहेब म्हणाले, आठवण म्हणून घरातलं काही न्या. मी दुरडी उचलली.

दोन-तीन आठवड्यांनी बुधवारची प्रार्थना आमच्या घरी आली. आता डोळ्यांनी दिसेनासं झालेल्या मार्थाबाईंना धरून आणावं लागतं. त्यांनी मावशीसाठी देवाचे आभार मानले, आम्हाला समाधान मागितलं आणि सवयीनं पुढं म्हणाल्या, "आन् पित्या, आमच्या शालूच्या मालकांस्नी..."

"नको," मी म्हणाले. प्रार्थनेच्या मध्येच. मी डोळे मिटलेलेच ठेवले, उघडले असते तर पुढं बोलताच आलं नसतं. "देवा, क्वार्टर नको. क्वार्टर कधी नव्हतंच. त्यांनी मला टाकलंय. मला लाज वाटते. लोकांची वाटते, तुझीही वाटते. आणि मला तुझा राग आलाय. मी मावशीचा हात सोडून गाडी धरली..." पुढं शब्द आले नाहीत, 'आमेन'ही आलं नाही. तोंडात पदराचा बोळा धरल्यासारखा आईचा दबका हुंदका मला ऐकू आला. मग मार्थाबाईंचाच आवाज आला, "पित्या, तू ऐकलंस. आमेन."

चहाच्या वेळी मी त्यांच्या पायाशी बसले. "मार्थाबाई, इतकी वर्षं मी तुम्हाला खोटं..." त्या बशीतल्या चहावर फुंकर घालत म्हणाल्या, "आमाला ठावं हुतं गं पोरी. माझा भाचा सांगलीलाच हाय की. तू क्वार्टर म्हनायचीस, म्हनून आमी क्वार्टर म्हनायचो. त्या निमित्तानं तुझं नाव तरी त्याच्या कानावर घालता याचं."

लाज संपली, असं मी म्हणणार नाही. हे छापून आलं की सांगलीतही वाचलं जाईल, या विचारानं लिहितानाही कान तापतात. त्या बुधवारपासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. दुरडी स्वयंपाकघरात खुंटीला टांगली आहे. तिच्या विणीत अजून काणीची काळी भुकटी अडकलेली आहे, हात लावला की बोटांना लागते. काल शाळेतून आले तर आई ती धुवायला घेऊन मोरीत बसली होती. 'धुऊ नकोस' म्हणायला मी पुढं झाले आणि दारातच थांबले. नळ सोडलेला नव्हता. दुरडी तिच्या मांडीवर होती, दोन्ही हात काळे झाले होते आणि डोळे मिटलेले होते. आईचे ओठ हलत होते. काय बोलत होती ते मला ऐकू आलं नाही.