छपरावरच्या काचा उतरवणारी अनघा

अनघा गेल्याची बातमी मला कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळली. एका कोपऱ्यात तिचा पासपोर्टएवढा फोटो, वर भलामोठा कंपनीचा लोगो आणि खाली ‘आमच्या परिवाराचा आधारस्तंभ हरपला’. ज्यांनी वर्षभरापूर्वी तिला शिस्तभंगाचं पत्र हातात देऊन घरी पाठवलं होतं, तेच हे परिवारवाले. मी लांज्याला तिच्या आईला फोन केला. “हो, गेली,” त्या म्हणाल्या. “सकाळी कपडे वाळत घालताना पडली ती उठलीच नाही...”

मी कॉलेजच्या रसायनशाळेत साहाय्यक होतो. निवृत्तीनंतर या कंपनीत लागलो. रत्नागिरीबाहेरच्या एका शेडमध्ये नव्या पिढीचे सौर सेल बनत. काचेवर शाईसारखा पातळ थर द्यायचा, तो वाळला की वीज देणार, आणि तीही निम्म्या खर्चात, असं मालकांचं म्हणणं. मालक दोघे, समीर आणि ऋत्विक. परदेशात शिकलेले, पायात पांढरेशुभ्र बूट. त्यांना लाल चिऱ्याची धूळ सहन होत नसे, पण भाषणात ‘कोकणच्या मातीशी नातं’ हमखास यायचं. सेल या साहेबांनी स्वतःच्या हाताने कधी बनवला असेल तर देव जाणे. बनवायची ती अनघा. मुंबईतली चांगली नोकरी सोडून आईसाठी लांज्याला परतलेली, पंचेचाळिशीची, कमी बोलणारी बाई. रोज एसटीने येई, हातखंब्याला गाडी बदलून, आणि तरी सगळ्यांच्या आधी हजर असे. शेडबाहेर उन्हात ओळीने मांडलेले सेल ती दर तासाला तपासायची. खाऱ्या वाऱ्याने कडेचं सील सुटलं की आत दमट हवा शिरते आणि काळा थर पिवळा पडतो, हे तिने पहिल्याच वर्षी लिहून दिलं. मालकांनी तो अहवाल ‘उत्साहवर्धक’ म्हणून फायलीत ठेवला. त्यांनी पहिल्या पानापुढे काही वाचल्याचं मला कधी दिसलं नाही.

तरीही त्यांनी हर्णेला मासळी सुकवणाऱ्या बायकांच्या शेडवर पॅनेल चढवली. फुकट. कशासाठी, तर फोटोसाठी. मागे समुद्र, खाली बोंबील, पुढे हे दोघे. पावसाळा सरल्यावर अनघा पाहणीला गेली, तर काचांच्या कडा हळदीसारख्या पिवळ्या. त्या थरात शिसं असतं. छपरावरून पन्हळीत उतरणारं पाणी बायका पिंपात साठवून मासळी धुवायला घेत होत्या. अनघाने ते बाटलीत भरून आणलं आणि माझ्यासमोर तपासलं. शिसं होतं.

मीटिंगला आम्ही चौघंच होतो. समीर म्हणाला, “आत्ता नको. पुढच्या आठवड्यात गुंतवणूकदार हर्णेला येतायत. ते गेले की बघू.”

“तोवर बायका त्याच पाण्यात मासळी धुतील,” अनघा म्हणाली.

ऋत्विक हसला. “शिसं गाडीच्या बॅटरीतही असतं, मॅडम.”

“बॅटरीखाली कुणी बोंबील वाळवत नाही.”

मग समीर माझ्याकडे वळला. “काका, तुम्ही अनुभवी. तुमचं काय मत?” आणि मी, तीस वर्षं परीक्षानळ्या हाताळलेला माणूस, म्हणालो, “आणखी एकदा तपासून घेऊ.” तपासायचं काहीही उरलं नव्हतं. या लेखात मालकांविषयी मला जी किळस वाटते आहे, तिचा एक हिस्सा माझ्या नावावरही आहे, हे वाचकांना ठाऊक असू दे. अनघाने माझ्याकडे एकदाच पाहिलं, रागाने नाही... आणि वही मिटली.

दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. एकटीच हर्णेला गेली होती. वाळत घातलेली मासळी फेकून द्या म्हटल्यावर बायका भडकल्या. घामाचा माल होता तो. तिने भांडण केलं नाही. काय मिसळलंय, पोरांना त्याने काय होतं, ते पुन्हा पुन्हा सांगत उन्हात बसून राहिली. दुपारी दोन खलाशी शिडी घेऊन वर चढले. पॅनेल उतरवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, टेम्पोने तिने ती कंपनीच्या दारात आणून ठेवली. गुंतवणूकदार आले तेव्हा छप्पर बोडकं होतं. अनघाला काढलं. कंपनीच्या पत्रकात छापून आलं, ‘हर्णे येथील प्रायोगिक टप्पा यशस्वीरीत्या पूर्ण.’

शोकसभा त्यांनी हॉटेलच्या एसी हॉलमध्ये ठेवली. समीरचा कंठ दाटून आला. त्याला तो हवा तेव्हा दाटवता येतो, हे मी चार वर्षं पाहिलंय. नव्या प्रयोगशाळेला अनघाचं नाव देणार, अशी त्याने घोषणा केली. टाळ्या पडल्या. अनघाची आई पहिल्या रांगेतून उठल्या. “माझ्या मुलीचं नाव तुमच्या भिंतीवर नको,” एवढंच म्हणाल्या आणि चालू लागल्या. मी त्यांच्या मागोमाग बाहेर आलो. राजीनामा दुसऱ्या दिवशी दिला. एक वर्ष उशिरा दिलेल्या राजीनाम्याचं कौतुक नको.

गेल्या आठवड्यात हर्णेला गेलो. तिथे कुणालाच काही कळलेलं नव्हतं. बायकांची पुढारी हौसाक्का सुकट निवडत होती. सांगितल्यावर तिचे हात थांबले. “आमी तिला लय बोललो वो त्या दिवशी,” ती म्हणाली. “पाणीसुदा नाय विचारलं.”

मग ती मला शेडमध्ये घेऊन गेली. नळाच्या वर भिंतीला अनघाच्या ठसठशीत अक्षरातला एक कागद चिकटवलेला होता: ‘छपराचं पाणी मासळीला लावू नये. शंका आली तर मला फोन करा.’ खाली नंबर. खाऱ्या हवेने एक कोपरा सुटला होता.

“आता नंबर लागायचा नाय,” हौसाक्का म्हणाली. “काढू काय?”

मी नको म्हटलं. तिने पदराला हात पुसले, डब्यातल्या भाताचं एक शीत अंगठ्याने चुरडलं आणि तो कोपरा पुन्हा भिंतीला दाबून बसवला.