जावईबापूंची जमिनीला टेकलेली गाडी

सबंध जर्मनी धुंडाळली तरी आमच्या जावयाइतका शहाणा माणूस आणि त्याच्या गाडीइतकी येडपट गाडी एका दारात सापडायची नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोललो नाही, कारण जावयाला तोंडावर बोलायची आमच्याकडं पद्धत नाही. लुडविग्सहाफेनला लेकीच्या घरी सहा महिने राहून आलो, त्यातले चार महिने जीभ दाताखाली धरून काढले. आता लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, शुद्धलेखनाकडं बघू नका. पण सांगली-मिरज रस्त्यावर चाळीस वर्षं ट्रकचे कमानपाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, बसवलेत, तेव्हा गाडी किती उंच असावी आणि का, हे मला कुणी शिकवू नये.

जावईबापू गाड्यांच्या एका कंपनीत इंजिनियर आहेत. काम काय, तर गाडीत बसलेल्या माणसाच्या पाठीला किती धक्का पोचतो ते मोजायचं. सीटखाली यंत्रं लावतात, खड्ड्यावरनं गाडी नेतात, आणि धक्का जास्त निघाला तर मोठमोठ्या साहेबांना ठणकावून सांगतात की ही स्प्रिंग चालणार नाही. दिवसभर परक्या लोकांच्या मणक्यांची एवढी काळजी करणारा हा गृहस्थ संध्याकाळी स्वतःच्या गाडीत बसतो, ती मात्र जमिनीपासून वीतभरसुद्धा वर नाही. मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड आणि कडक घातल्यात. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढीच फट. रोज सकाळी चहाच्या आधी खाली जाऊन चारी चाकांवर बोटं घालून बघणार, मग चार पावलं मागं सरून, देव्हाऱ्यापुढं राहावं तसं उभं राहणार, आणि मगच वर येऊन कपाला हात लावणार. एकदा मागच्या डाव्या चाकावर तिसरं बोट अर्धं शिरलं, तर त्या दिवशी माणूस धड जेवला नाही.

मी एकदा आडून विचारलं, "जावईबापू, स्प्रिंगला खाली जायला जागाच ठेवली नाही, तर बिचारी धक्का पचवणार कुठं?"

"गेनाऊ, मामा!" ते खूश झाले. गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. तिकडं सगळे दिवसातनं पन्नास वेळा म्हणतात. "ऑफिसात मी हेच सांगतो सगळ्यांना."

"मग घरच्या गाडीला?"

"घरची गाडी दिसायलाही पाहिजे ना, मामा."

अडाण्याला चूक दाखवता येते. यांना चूक माझ्यापेक्षा जास्त माहीत, वर कागदावर काढून दाखवतील.

त्यांच्या इमारतीखाली गाड्या ठेवायचं तळघर आहे. तिथनं वर येणारा चढ आमच्या गाडीला सरळ चढता येत नाही, पुढचं नाक घासतं. म्हणून डिकीत कायम दोन फळ्या. चढाच्या तोंडाशी गाडी थांबवायची, सगळ्यांनी उतरून वजन कमी करायचं, फळ्या टाकायच्या, आणि मग जावईबापू गाडी तिरकी करून खेकड्यासारखी वर काढणार. तिकडं रविवारी आवाज करायची बंदी असते. एका रविवारी नाक घासलंच, तर पहिल्या मजल्यावरची जर्मन म्हातारी गॅलरीत येऊन ओरडायला लागली. जावईबापूंनी आधी तिची माफी मागितली, मग गुडघ्यावर बसून गाडीच्या हनुवटीची. लेक, वैशाली, बाजूला फळी धरून उभी. म्हणाली, "बाबा, मी एम.एस्सी. झालीय, आणि इथं दर रविवारी हमाली करते." मी म्हटलं, "गप बस, ऐकतील ते." ऐकलं असतं तर बरंच झालं असतं, पण पद्धत म्हणजे पद्धत.

आणि या पद्धतीपायीच मी मेलो. सासरा म्हणून मान माझा, मानाची जागा पुढची, आणि पुढं शर्यतीच्या गाडीला असते तसली सीट. डालग्यात कोंबडं घालावं तसा मी त्यात बसायचो. हायडेलबर्गला जुन्या गल्ल्यांत दगडी फरशी आहे. तिथं गाडी शिरली की मी बोलणं बंद करायचो, नाहीतर शब्दाबरोबर कवळीही बाहेर आली असती. शेजारनं प्रेमानं प्रश्न यायचा, "मामा, कसं वाटतंय?" मी मान हलवायचो. ती तशीही हलतच असायची. उतरताना ते धावत येऊन हात द्यायचे आणि मी घ्यायचो नाही. आधी डावा पाय बाहेर, मग दाराची कड, मग देवाचं नाव, मग मी.

माझं ठीक होतं. हिचं, म्हणजे आमच्या मंडळींचं, तसं नव्हतं. हिचे दोन्ही गुडघे गेलेले. एकदा हायडेलबर्गलाच एका हॉटेलापुढं मराठी मंडळी जमली होती. तिथं हिला मागच्या सीटवरनं बाहेर काढायला मी एका दंडाला आणि वैशाली कमरेला, असं दोघांनी ओढलं. पदर दारात अडकला. लोक चांगले होते, दुसरीकडं बघत उभे राहिले. ही त्यांच्यादेखत हसली. पण त्या दिवसापासनं हिचं बाहेर जाणं संपलं. कधी पोट दुखतंय, कधी डोकं. दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या ट्राम मोजायची. जावईबापूंना वाटलं हवा मानवत नाही. त्यांनी हिच्यासाठी तीन तऱ्हेचे काढे आणले.

मग नवरात्र आलं. हायडेलबर्गच्या बायकांनी हॉल घेऊन हादगा ठेवला. पुण्याकडच्या त्याला भोंडला म्हणतात. पण गाणी पुरती कुणालाच येईनात, दुसऱ्या कडव्याला सगळ्या फोनमध्ये बघायच्या. हिला मात्र एकूणएक पाठ. त्यांचा फोन आला, "काकू, तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं सांगा, आम्ही फेर धरतो." ऐकताना हिचं तोंड असं उजळलं की मला लग्नातली आठवली. फोन ठेवला आणि म्हणाली, "मला नाही जमायचं. पोट बरं नाही."

त्या वेळी जावईबापू खाली गाडीपाशी होते. पुढच्या आठवड्यात ऱ्हाइनकाठी असल्याच बुटक्या गाड्यांचा मेळा, त्यासाठी आणखी बोटभर खाली घ्यायची चालली होती. मी जिना उतरलो आणि लेकीच्या लग्नाला बारा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा जावयाला बोललो.

"घ्या खाली. पार जमिनीत पुरा. पण तुमच्या मामींचं पोट दुखत नाही, एवढं ध्यानात ठेवा. तिला या गाडीतनं चारचौघांत उतरता येत नाही म्हणून ती घरात कोंडून बसलीय."

हातातला पाना तसाच राहिला. "मामा, तुम्ही कुणी मला सांगितलं का नाही?"

"जावयाला कोण सांगतं?"

त्यांनी गाडीचं मागचं दार उघडलं. मग म्हणाले, "मामींना खाली बोलवा."

तरी इंजिनियर तो इंजिनियरच. एकदम उंच करून मोकळे होतील तर शपथ. उगाच एक सूतही वर जायला नको, म्हणून वही काढली. स्प्रिंगच्या बुडाशी चकती असते, ती पान्यानं फिरवली की गाडी चढते. थोडी चढवायची, हिला बसवायचं, उतरवायचं, आणि विचारायचं, "मामी, दहापैकी किती?" ही धापा टाकत म्हणायची, "दहा." पुन्हा चढवली. "दहा." मुळात होती तेवढी खाली घेऊन विचारलं, तरी दहाच.

"हिचे आकडे धरू नका," मी शेवटी ओरडलो. "जावयाला ही मेली तरी नऊ द्यायची नाही! हिचा हात बघा. उठताना हात दाराकडं गेला की नापास. आणि चकती फिरवल्यावर गाडी जरा मागंपुढं ढकला, स्प्रिंगांवर बूड टेकू दे तिचं, मग माप घ्या."

"गेनाऊ," ते हळूच म्हणाले आणि गाडी ढकलायला लागले.

सातव्या खेपेला ही मांडीवर हात ठेवून उठली आणि सरळ उभी राहिली. दाराकडं बघितलंसुद्धा नाही. चाकावर आता अख्खी मूठ जात होती. जावईबापूंचा चेहरा असा झाला, जणू घरातल्या देखण्या पोराचं कुणी टक्कल केलंय. पण उंची बदलली की तिकडं तपासणी करून नवा कागद घ्यावा लागतो, तोही घेऊन आले. हादग्याला ही हॉलपुढं एकटी उतरली, पदर सावरला, आणि दोन तास गात होती. मेळ्याला जावईबापू गेलेच नाहीत. स्वयंपाकघरात कांदा चिरत बसले, आणि मीही उगाच लसूण सोलत शेजारी बसलो.

आता आम्ही सांगलीला. परत आल्यावर हिच्या पायात रक्ताची गाठ धरली, आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास कायमचा बंद केला. वैशालीला आम्ही एवढंच सांगितलंय की पाय जरा दुखतो. जावईबापूंचा दर रविवारी फोन येतो, "मामी, पुढच्या हादग्याला यायचं. गाडी तशीच ठेवलीय." ही म्हणते, "येणार तर."

दोनदा मी कागद घेऊन बसलो, की बाबांनो, आम्ही आता येत नाही, घ्या गाडी खाली, होऊ दे देखणी. दोन्ही वेळा हिनं पेन काढून घेतलं.

"राहू दे की थोडे दिवस उंच," म्हणाली.