रिकामा ग्लोव्ह

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याच्यापासून मी साधी साडीची किंमतही लपवत नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मधेच बोलणार नाही.

आधी थोडी फुशारकी ऐकून घ्या, ती खरी आहे. मी बेसबॉल खेळायचे. महाराष्ट्राकडून, आणि नंतर एका सरकारी खात्याकडून — म्हणजे टेबल-खुर्ची माझ्या नावाची, पण पगार खेळायचा. शॉर्टस्टॉप! दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा. सणसणत येणारे चेंडू तिथेच येतात, तिथे भित्रं माणूस टिकत नाही. जळगावच्या मुरमाड मैदानावर गुडघे सोलून मी हे हात कमावलेत. आज इथे कुवेतमध्ये, मंगफच्या फ्लॅटमध्ये, ओट्यावरून घरंगळलेला कांदा मी न बघता झेलते. लेक म्हणते, "मम्मा, स्टॉप शोइंग ऑफ!" का म्हणून? गर्व आहे मला. का नसावा?

मग सांगायचं काय आहे? — येते, त्याच्याकडेच येते आहे.

राज्य स्पर्धेची फायनल होती. समोर कोल्हापूर. आम्ही एका रनने पुढे, त्यांची एकच खेळाडू बाद व्हायची बाकी. आणि पहिल्या बेसवर उभी असलेली त्यांची रेखा दुसऱ्या बेसकडे सुटली. बारीक पोर, पण काय पळायची! आमच्या कॅचरने माझ्याकडे चेंडू फेकला, तो वाकडा आला. मी तो उघड्या उजव्या हाताने पकडला आणि सवयीने डाव्या हातातला ग्लोव्ह बेसकडे घसरत आलेल्या तिच्या पायावर टेकवला. आता नियम साधा आहे — ज्या हाताने टेकवाल, चेंडू त्याच हातात हवा, तरच समोरची बाद. माझा ग्लोव्ह रिकामा होता.

धूळ उडालेली. अंपायर माझ्या पाठीमागे. मी काय केलं? वाकल्या वाकल्या चेंडू पोटाशी नेऊन ग्लोव्हमध्ये सरकवला. मग उभी राहिले आणि सगळ्यांना दिसेल असा तो ग्लोव्हमधून काढून वर धरला. आउट!

तोंडाने मी एक शब्दही खोटा बोलले नाही — अशी स्वतःची समजूत मी कितीतरी वर्षं घालत आले. मग हातांनी जे बोलले ते काय होतं?

रेखाला पायाला ग्लोव्ह लागलेला कळला होता, म्हणून ती भांडलीसुद्धा नाही. उठली, पँट झटकली आणि मान खाली घालून गेली. त्यांच्या कोचने तिला सगळ्यांदेखत झापलं, कुणी सांगितलं होतं पळायला म्हणून. इकडे आम्ही ट्रॉफी नाचवत होतो. त्या विजेतेपदाच्या सर्टिफिकेटवर खेळाडूंच्या कोट्यातून मला नोकरी लागली. तिच्या घरच्यांनी तिचा खेळ बंद केला. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं — पण ठाऊक असतं तर? काहीही केलं नसतं मी.

लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले. एका संक्रांतीला आमच्याकडच्या हळदीकुंकवाला फरवानियाहून एक नर्स आली. वाण घेता घेता माझ्याकडे बघतच राहिली. "अगं, तू जळगावची शॉर्टस्टॉप न्हवं?" — आणि मिठीच मारली. रेखा! मग जमलेल्या बायकांना सांगत सुटली, "हिनं फायनलला मला औट केलतं. मी कवा औट झालो, मलाच कळलं न्हाई बघा!" अभिमानाने सांगत होती हो. माझ्यासारखीच्या हातून बाद झाल्याचा अभिमान! आणि मी? मी हसले. वर म्हणाले, तूही फार जोरात पळायचीस गं. आणि तिच्या हातावर आणखी एक तिळगूळ ठेवला.

आता ती माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. शुक्रवारी सकाळी मी इथल्या मराठी मुलींना बेसबॉल शिकवते. ड्यूटी नसली की रेखा बसने येते, सोबत थर्मासभर चहा. आणि मुलींना तीच गोष्ट सांगते. दर वेळी त्या गोष्टीत माझे हात थोडे जास्त चपळ होतात. मी ऐकत राहते — आणि खरं सांगू? मला आवडतं ते ऐकायला. लाज वाटते, तरी आवडतं.

गेल्या शुक्रवारी मुली हटून बसल्या, करून दाखवा म्हणून. रेखाने ओढणी कमरेला बांधली. मी म्हणत होते, अगं गुडघे सांभाळ — पण ऐकेल तर ती रेखा कसली! पळत आली आणि वाळूत चक्क बेसपर्यंत घसरत गेली. माझ्या लेकीने चेंडू सरळ फेकला. मी तो ग्लोव्हमध्ये घेतला आणि रेखाच्या पायावर टेकवला. अगदी नियमाप्रमाणे. मुलींनी टाळ्या पिटल्या.

रेखा वाळूत पडूनच हसत होती, धापा टाकत. "अस्संच! अगदी अस्संच केलतं हिनं तवा!"

मी तिला हात देऊन उठवलं. मुली माझ्याकडे बघत होत्या.

"हो," मी म्हणाले. "अस्संच."