मारुसियाच्या पोटातली जास्तीची शीर

कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातील, युक्रेनी वस्तीच्या एका खेड्यात ओनुफ्री शाळेची बस चालवीत असे. त्याची पत्नी मारुसिया चर्चच्या तळघरात इतर बायांसमवेत पेरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडीच्या करंज्या, वळताना एकाएकी पांढरीफटक पडे, घामाने निथळे आणि तिची छाती धडधडू लागे.

"अगं, फादर जिन्यावर दिसले की हिचं हे असं होतं!" बाया म्हणत. तीही हसे.

अखेर निदान झाले. उजव्या मूत्रपिंडावरील ग्रंथीत गाठ होती. तिचा रस रक्तात उतरला की रक्तदाब भडके. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. फ्रेझरबाई म्हणाल्या होत्या, "लहान छिद्रांतून काढू. त्या ग्रंथीची एकच शीर बांधायची आहे."

शस्त्रक्रियेच्या दिवशी दुपारी परिचारिका घाईने बाहेर आली. "काका, आत एक जास्तीची शीर निघाली. यकृताच्या शिरेला जाऊन मिळालीय. ती फाटली, म्हणून पोट उघडावं लागतंय."

"जगेल ना ती?"

"बाईंनी बोटानं दाबून धरलीय. मला आत जायला हवं."

ओनुफ्री उभाच राहिला. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून निघताना घरातल्यांनी घटकाभर मुकाट बसावे, ही त्यांची रीत. सकाळी मारुसिया बाकावर बसली होती आणि तो दारातून ओरडला होता, "ऊठ गं, रस्त्यावर बर्फ साचतंय!" आता त्या अर्ध्या राहिलेल्या बसण्याने त्याचा जीव कासावीस झाला. तो खुर्चीवर टेकला आणि दोघांच्याही वाटणीचे मुकाट बसला.

दिवेलागणीला फ्रेझरबाई स्वतः आल्या. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "दोन्ही शिरा बांधल्या. गाठ निघाली. रक्त बरंच गेलं, पण आता धोका नाही. ती शीर तपासणीत दिसलीच नव्हती."

"केव्हापासून होती?"

"जन्मापासून."

दुसऱ्या दिवशी मारुसियाने पट्टीवरून हात फिरवला. "छिद्रं म्हणाल्या होत्या ना? ही तर नांगरणी झालीय."

"तुझ्या पोटात एक जास्तीची शीर होती. जन्माची. इतका संसार केला, मला पत्ता नाही!"

"मला तरी कुठे होता?"

"आणखी काय लपवलंयस?"

"आहे थोडंसं. हसवू नकोस रे, टाके ओढतात."

ओनुफ्रीने तिचे मनगट हाती घेतले. नाडी संथ चालली होती. भेटीची वेळ संपली म्हणून परिचारिकेने त्याला उठवेपर्यंत त्याने ते सोडले नाही.